परक्या भाषेतला पीटीचा तास

युरोपातल्या कितीतरी सरकारी शाळांमध्ये शारीरिक शिक्षणाचा तास मुलांच्या घरच्या भाषेत होत नाही. माद्रिदच्या एखाद्या प्राथमिक शाळेत बहुतेक मुले स्पॅनिश बोलणारी, शिक्षकही स्पॅनिश आणि मैदानावरच्या सूचना मात्र इंग्रजीत, हे आता तिथे नेहमीचे झाले आहे. इंग्रजीचा स्वतंत्र तास असतोच. त्याखेरीज विज्ञान, चित्रकला, शारीरिक शिक्षण यांपैकी काही विषय इंग्रजीतून घेतले जातात आणि त्या तासात विषयही यावा आणि भाषाही यावी, अशी अपेक्षा असते. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘क्लिल’ म्हणतात. आशय आणि भाषा यांचे एकत्रित शिक्षण, असा तिचा अर्थ. हे नाव १९९४ साली डेव्हिड मार्श यांनी रूढ केले.

पद्धत मात्र नावापेक्षा जुनी आहे. कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरात १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरला, की आमच्या मुलांची बालवाडी फ्रेंचमधून चालवा. आजूबाजूचा सारा क्वेबेक प्रांत फ्रेंच बोलणारा. शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंच शिकूनही आपल्या मुलांना शेजाऱ्यांशी बोलता येत नाही, ही त्यांची तक्रार होती. मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनी या मुलांचा काही वर्षे मागोवा घेतला. मुलांचे फ्रेंच सुधारले, इंग्रजी मागे पडले नाही आणि इतर विषयांतही ती कमी पडली नाहीत. भाषा ‘विषय’ म्हणून शिकवण्यापेक्षा तिच्यातून दुसरे काही शिकवले तर ती लवकर अंगवळणी पडते, या समजुतीला इथून बळ मिळाले.

युरोपात हाच विचार वेगळ्या वाटेने आला. कोळसा आणि पोलाद समुदायात काम करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी १९५३ मध्ये लक्झेंबर्गला पहिली युरोपीय शाळा निघाली. तिथे प्रत्येक भाषेचा विभाग निराळा. पण खेळ, चित्रकला, संगीत अशा तासांना निरनिराळ्या विभागांतली मुले एकत्र केली जातात. इटालियन, जर्मन आणि फ्रेंच मुलांना एकाच वर्गात गणित शिकवणे अवघड, पण एकाच चेंडूमागे पळायला लावणे त्यामानाने सोपे, हे त्या शाळांच्या लवकर ध्यानात आले. पुढे १९६३ साली फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांच्यात मैत्रीचा करार झाला. त्यानंतर जर्मनीतल्या काही माध्यमिक शाळांनी इतिहास-भूगोल फ्रेंचमधून शिकवायला घेतले. १९९५ मध्ये युरोपीय आयोगाने धोरणपत्र काढून प्रत्येक नागरिकाला मातृभाषेशिवाय आणखी दोन युरोपीय भाषा याव्यात, असे ध्येय मांडले. वेळापत्रकात भाषेसाठी नवे तास आणायचे कुठून, हा प्रश्न लगेच उभा राहिला. असलेले तासच परक्या भाषेत घ्यायचे, हे त्याला सापडलेले उत्तर होते.

त्यात शारीरिक शिक्षणाची निवड का होते, याचे पहिले कारण साधे आहे. इथे शब्दाचा अर्थ डोळ्यांना दिसतो. ‘बेंड युवर नीज’ असे म्हणत शिक्षिका गुडघे वाकवते, तेव्हा भाषांतराची गरज उरत नाही. हॅरॉल्ड पामर यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना हे ओळखले होते. कृतीतून इंग्रजी शिकवण्यावरचे त्यांचे पुस्तक १९२५ साली टोकिओत प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथले मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात या कल्पनेला प्रयोगांची जोड दिली. त्यांनी विद्यार्थ्यांना रशियन आणि जपानी आज्ञा ऐकवल्या : उठा, चाला, थांबा, वळा, बसा. एका गटाने आज्ञा ऐकून ती कृती स्वतः केली, इतरांनी बसून नुसते पाहिले किंवा भाषांतर वाचले. ज्यांनी अंग हलवले त्यांच्या लक्षात आज्ञा अधिक राहिल्या. लहान मूल बोलण्याच्या कितीतरी आधी घरातल्यांच्या सांगण्यावरून वागू लागते, हा अ‍ॅशर यांचा आधार होता. म्हणून विद्यार्थ्याला बोलण्याची घाई करू नये, त्याला आधी पुष्कळ ऐकू द्यावे आणि ऐकलेले करू द्यावे, असे ते सांगत.

कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला भेदही इथे उपयोगी पडतो. रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि पाठ्यपुस्तकातली भाषा वेगळी. पहिलीला प्रसंगाचा, हावभावांचा, समोरच्या वस्तूचा टेकू असतो. दुसरी बरीचशी शब्दांवरच उभी असते. मूल पहिली भाषा लवकर उचलते, दुसरीला कैक वर्षे लागतात. प्रकाशसंश्लेषणाची प्रक्रिया इंग्रजीत समजून घेताना दहा वर्षांच्या मुलाला दुसरी भाषा लागते. उडी मारताना पहिली पुरते.

नुसत्या आज्ञा समजल्या म्हणजे भाषा आली, असे मात्र नव्हे. याचा दाखला मराठी मुलांच्या शाळेतच आहे. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये कवायतीच्या आज्ञा पिढ्यान्‌पिढ्या हिंदीत दिल्या जात आहेत : सावधान, विश्राम, दाहिने मुड, बाये मुड, पीछे मुड, कदमताल, थम. पहिलीतले मूल ‘दाहिने मुड’ ऐकून बरोबर वळते. नाशिकच्या किंवा पुण्याच्या ज्यूदो वर्गात जपानी ‘हाजिमे’ कानावर पडताच लढत सुरू होते आणि ‘माते’ म्हटले की थांबते. पण यातून कोणाला हिंदी किंवा जपानी बोलता आलेले नाही. आज्ञा दहा-वीस असतात, त्याच त्या असतात आणि ऐकणाऱ्याने फक्त पाळायच्या असतात. शिवाय मैदानावर एक पळवाट कायम मोकळी असते : शेजारच्याकडे पाहून तसेच करायचे. रांगेतल्या पाच जणांना सूचना कळली की उरलेले वीस जण बघून वळतात आणि शिक्षकाला वाटते, सगळ्यांना कळले. अनुभवी शिक्षक म्हणून आज्ञांचा क्रम अचानक बदलतात, डोळे मिटून ऐकायला लावतात किंवा सांगितल्याच्या उलट करायचा खेळ घेतात. मग कोणी ऐकले आणि कोणी पाहिले, ते लगेच कळते.

विषय परक्या भाषेतून शिकवण्याचा हा प्रयोग ज्या देशांत सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला, त्या देशांत स्पेन वरच्या ओळीत आहे. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेन बराच काळ युरोपापासून तुटलेला होता आणि परकीय भाषांच्या बाबतीत मागे राहिल्याची खंत तिथल्या मध्यमवर्गात खोल होती. १९९६ मध्ये स्पेनचे शिक्षण मंत्रालय आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्यात करार झाला आणि देशभरातल्या चाळीसहून अधिक सरकारी शाळांत लहान वयापासून स्पॅनिश-इंग्रजी असा दुहेरी अभ्यासक्रम सुरू झाला. माद्रिदच्या प्रांतिक सरकारने २००४-०५ या वर्षी २६ सरकारी प्राथमिक शाळांपासून स्वतःचा द्वैभाषिक कार्यक्रम काढला. गणित आणि स्पॅनिश हे दोन विषय स्पॅनिशमध्येच ठेवायचे, बाकीच्यांतून निवड करून आठवड्याचा किमान ३० टक्के वेळ इंग्रजीत घ्यायचा, असा त्याचा नियम. २०१०-११ पासून तो माध्यमिक शाळांत गेला. आंदालुसिया प्रांताने २००५ मध्ये बहुभाषिकतेची योजना जाहीर केली आणि इतर प्रांतही मागोमाग आले. ३० टक्क्यांचा हिशेब जुळवताना बहुतेक शाळांची नजर आधी विज्ञानाकडे, मग चित्रकला आणि शारीरिक शिक्षणाकडे गेली.

असा एक तास नीट चालला, तर तो कसा चालतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. वर्ग पाचवीचा, मुले दहा-अकरा वर्षांची, पटावर पंचवीसच्या आसपास, तास पन्नास मिनिटांचा आणि धडा बास्केटबॉलमधल्या छातीपासून दिलेल्या पासचा. शिक्षक मैदानावर काही लिहीत नाहीत. भिंतीवर चार चित्रे आधीच चिकटवलेली असतात आणि प्रत्येक चित्राखाली दोन-तीन इंग्रजी शब्द. पहिली दहा मिनिटे अंग गरम करण्यासाठी पकडापकडी. खेळ आपल्याकडच्या विषामृताच्या जातीचा : ज्याला पकडले तो पाय फाकवून जागीच उभा राहतो आणि दुसऱ्या कोणी त्याच्या पायांखालून सरपटत गेल्याशिवाय सुटत नाही. सुटायचे असेल तर ओरडायचे, ‘हेल्प मी!’ सोडवणाऱ्याने म्हणायचे, ‘यू आर फ्री!’ दहा मिनिटांत प्रत्येक मूल ही वाक्ये कितीतरी वेळा मोठ्याने आणि मनापासून बोलते. वर्गात बाकावर बसवून याच वाक्यांची घोकंपट्टी घेतली असती, तर पाचव्या वेळी जांभया सुरू झाल्या असत्या. इथे सुटायची खरी घाई असते.

मग प्रात्यक्षिक. शिक्षक चेंडू छातीशी धरतात, कोपरे अंगाजवळ घेतात, अंगठे चेंडूच्या मागे ठेवतात, एक पाऊल पुढे टाकत चेंडू ढकलतात. प्रत्येक हालचालीला एक शब्द : ‘थम्ब्ज’, ‘स्टेप’, ‘पुश’. मोठे स्पष्टीकरण नाही. एकदा सावकाश, एकदा वेगाने, एकदा मुद्दाम चुकीचे. ‘राँग? व्हाय?’ म्हटल्यावर एखादी मुलगी ‘नो स्टेप’ म्हणते. शिक्षक तिचे वाक्य न खोडता पूर्ण करतात, ‘येस, आय डिडन्ट स्टेप फॉरवर्ड.’ परक्या भाषेत शिकवणाऱ्याच्या हातातले हे सर्वांत कामाचे साधन आहे. मुलाने मोडकेतोडके बोलावे, शिक्षकाने तेच बिनचूक करून परत त्याच्या कानावर घालावे आणि खेळ पुढे जावा.

यानंतर जोड्या आणि प्रत्येक जोडीला एक कार्ड. एकाने पास द्यायचे, दुसऱ्याने कार्डावरच्या तीन प्रश्नांवर खुणा करायच्या : अंगठे मागे होते का, पाऊल पुढे टाकले का, चेंडू साथीदाराच्या छातीपर्यंत पोचला का. पाच पास झाले की पाहणारा साथीदाराला त्या तीन शब्दांत सांगतो, काय जमले आणि काय राहिले. मग अदलाबदल. खेळणाऱ्याला हालचाल मिळते, पाहणाऱ्याला बोलायला खरे कारण मिळते. शारीरिक शिक्षणात ही पद्धत भाषेच्या प्रयोगाआधीपासून आहे. मस्का मॉस्टन यांनी १९६६ साली अध्यापनशैलींची जी मांडणी केली, तिच्यात नुसत्या हुकुमावर चालणाऱ्या शैलीपासून ते मुलाने स्वतः उत्तर शोधण्याच्या शैलीपर्यंत पायऱ्या आहेत आणि परस्परांना शिकवण्याची शैली त्यातलीच एक आहे. परक्या भाषेच्या तासाला हुकुमाची शैली सर्वांत सोपी वाटते, कारण मुलांना बोलावेच लागत नाही. त्याच कारणाने ती भाषेसाठी सर्वांत निरुपयोगी आहे.

शेवटची पंधरा मिनिटे दहा पासचा खेळ. दोन गट, चेंडू टप्पे देत न्यायचा नाही, आपल्याच गटात सलग दहा पास झाले की एक गुण आणि प्रत्येक पास मोठ्याने इंग्रजीत मोजायचा. मधेच शिक्षक खेळ थांबवतात आणि एकच प्रश्न विचारतात : पास दिल्यावर तू कुठे गेलास? खेळ समजून घेत शिकवण्याची ही रीत इंग्लंडमधल्या लाफबरो विद्यापीठाचे डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये मांडली. कौशल्याच्या कवायतीआधी खेळातली अडचण मुलांपुढे ठेवायची आणि तोड त्यांनाच शोधू द्यायची, असा तिचा गाभा. इथे मात्र भाषेची खरी कसोटी लागते. मोकळी जागा हेरून तिकडे धावायचे, हे मुलाला कळलेले असते. ते इंग्रजीत सांगण्याइतके शब्द त्याच्यापाशी नसतात. तो हाताने दाखवतो किंवा स्पॅनिशमध्ये बोलून मोकळा होतो. चांगला शिक्षक ते उत्तर उत्तर म्हणूनच घेतो, इंग्रजीत एकदा म्हणून दाखवतो आणि शिट्टी वाजवतो. विचार स्पॅनिशमध्ये झाला म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही.

तास संपताना मुले मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजतात. पंधरा सेकंदांचे ठोके, गुणिले चार. आकडे इंग्रजीत सांगायचे, गुणाकार बहुतेक जण मनात स्पॅनिशमध्येच करतात.

एवढे सुरळीत होण्यासाठी कागदावर आधी बरेच काम झालेले असते. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ डू कॉइल यांनी ‘क्लिल’च्या धड्यासाठी आशय, संवाद, विचार आणि संस्कृती अशी चार अंगे सांगितली आहेत. भाषेचेही त्यांनी तीन भाग केले आहेत. एक, विषयाची स्वतःची भाषा : पास, टप्पा, पवित्रा, अंतर. दुसरी, तास चालवण्यासाठी लागणारी भाषा : जोडी कर, माझी पाळी, मला समजले नाही, चेंडू इकडे दे. तिसरी, शिकता शिकता अचानक लागणारी, आधी न ठरवता येणारी. नवखे शिक्षक पहिल्या भागावर सारी मेहनत घेतात. स्नायूंची आणि खेळातल्या जागांची लांबलचक यादी मुलांच्या वहीत उतरवून देतात. मैदानावर अडते ते दुसऱ्या भागापाशी. ‘माझी पाळी’ म्हणता आले नाही, तर मूल ते घरच्या भाषेतच म्हणणार आणि दोन मिनिटांत सगळा खेळ घरच्या भाषेत सुरू होणार. अशी वाक्ये मुलाच्या तोंडी बसवायला दोन-तीन आठवडे दिले, तर पुढचे सगळे वर्ष हलके जाते.

या तासावरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेळेचा आहे आणि तो खरा आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल असा मध्यम ते जोरदार व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. शारीरिक शिक्षणाच्या तासाचा निदान अर्धा वेळ मुले अशा हालचालीत असावीत, असा दंडक अनेक देशांतले तज्ज्ञ धरतात. मातृभाषेतल्या तासातही हा अर्धा वेळ सहज हाती लागत नाही : कपडे बदलणे, रांगा, साहित्य वाटणे, भांडणे सोडवणे यांत मिनिटे जातात. त्यात प्रत्येक सूचना दोनदा सांगायची, तिचा अर्थ विचारायचा, मग स्पॅनिशमध्ये पुन्हा सांगायची असे होऊ लागले, तर मुले नुसती उभी राहतात. उन्हात गोल करून इंग्रजी ऐकणाऱ्या वर्गाला शारीरिक शिक्षण म्हणता येत नाही. शिस्तीने आखलेल्या तासांत हालचाल घटत नाही, असे दिसलेले आहे, कारण तिथे शिक्षक बोलणे कापून तीन शब्दांवर आणतात, जे मातृभाषेतही व्हायला हवेच असते. पण ती आखणी नसेल, तर भाषेचा पहिला बळी मुलांचा घाम असतो. प्रत्येक तासानंतर शिक्षकाने स्वतःला विचारावा असा प्रश्न एकच : सर्वांत कमी पळणारे मूल आज किती वेळ पळाले?

मैदानाच्या आणखीही अडचणी आहेत, ज्या वर्गात बसून आखणाऱ्यांना सहसा दिसत नाहीत. बंदिस्त हॉलमध्ये आवाज घुमतो. चेंडूंच्या टप्प्यांच्या गोंगाटात ओळखीचा शब्द अर्धवट ऐकू आला तरी मेंदू तो पुरा करून घेतो. अनोळखी भाषेतला अर्धा शब्द अर्धाच राहतो. उघड्या मैदानावर वारा असतो, मुले तीस मीटरवर असतात, शिक्षकाच्या ओठांकडे कोणी पाहत नसते. म्हणून हाताच्या खुणा, शिट्टी, रंगीत शंकू आणि ठरलेली उभे राहण्याची जागा यांवर भर द्यावा लागतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत तर तडजोड चालतच नाही. थांब, हात सोड, बाजूला हो, या सूचना पहिल्या आठवड्यात दोन्ही भाषांत पक्क्या करून घेतल्या पाहिजेत. कसरतीच्या उंच घोड्यावरून उडी, कोलांटी, दोरावर चढणे असे काही शिकवताना मुलाला धोका मातृभाषेत समजला आहे याची खात्री केल्यावाचून पुढे जाऊ नये. गुडघा फुटून रडणाऱ्या मुलाशी, संघात कोणीच निवडले नाही म्हणून कोपऱ्यात बसलेल्या मुलीशी किंवा कोणाच्या शरीराला हसणाऱ्या टोळक्याशी बोलताना परकी भाषा बाजूला ठेवावी. शारीरिक शिक्षणाच्या तासात मुलाचे शरीर सगळ्यांसमोर उघडे पडते : जाडेपणा, उंची, भीती, वयात येताना होणारे बदल. गणितात चुकलेले मूल वही झाकू शकते, इथे झाकायला काही नसते. अशा वेळी जे बोलायचे ते मुलाच्या मनापर्यंत पोचणाऱ्या भाषेतच बोलले पाहिजे. भाषेचा नियम काटेकोर पाळण्यासाठी रडणाऱ्या मुलाशी इंग्रजीत बोलत राहणे हे क्रूर आहे.

माद्रिदच्या कार्यक्रमाचे परिणाम तपासणाऱ्या अभ्यासांत ब्रिंडुसा अँघेल, अँटोनियो काब्रालेस आणि हेसुस कार्रो या अर्थशास्त्रज्ञांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. स्पॅनिशमधून शिकवलेल्या गणितावर आणि स्पॅनिश भाषेवर त्यांना उलटा परिणाम दिसला नाही. पण परिसर-विज्ञान हा जो विषय इंग्रजीतून शिकवला होता, त्यात कमी शिकलेल्या पालकांची मुले मागे पडलेली आढळली. ज्या घरात अडलेला शब्द सांगायला कोणी नाही आणि खासगी शिकवणीला पैसे नाहीत, तिथे परक्या भाषेचे ओझे एकट्या मुलाच्या पाठीवर पडते. मराठी शाळांतून सेमी-इंग्रजी वर्गात गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

शारीरिक शिक्षण या बाबतीत अधिक समतोल ठरू शकते. त्याला गृहपाठ जवळजवळ नसतो, पुस्तकाची मदत घरी लागत नाही आणि वर्गात मागे राहणारे मूल मैदानावर पुढे असू शकते. इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारा मुलगा दहा पासच्या खेळात गटाचा पुढारी होतो, मोठ्याने मोजतो, सूचना देतो. ही या तासाची खरी जमेची बाजू आहे आणि ती फार थोड्या विषयांच्या वाट्याला येते.

मात्र अनेक शाळांनी शारीरिक शिक्षण निवडले ते या कारणासाठी नव्हे. या विषयाची मोठी परीक्षा नसते, निकालात तो मोजला जात नाही. म्हणून प्रयोग फसला तरी फारसे बिघडणार नाही, असा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब चुकीचा आहे. आठवड्यातले दोन-तीन तास हाच पुष्कळ मुलांचा एकमेव नियमित व्यायाम असतो. दहाव्या वर्षी चेंडू झेलायला, तोल सांभाळायला, पाण्यात तरंगायला जे मूल शिकत नाही, ते पंधराव्या वर्षी मैदानाकडे फिरकत नाही. इंग्रजी मोठेपणीही शिकता येते आणि लोक शिकतात. शरीरावरचा विश्वास त्या वयात गेला की परत मिळवणे फार कठीण असते. म्हणून भाषा शारीरिक शिक्षणाच्या सोयीने वागली पाहिजे. शारीरिक शिक्षणाने भाषेच्या सोयीने वाकण्याचे कारण नाही.

हे सगळे शेवटी शिक्षकावर येऊन थांबते. स्पेनमध्ये इंग्रजीतून विषय शिकवण्यासाठी शिक्षकाला भाषेचे प्रमाणपत्र लागते. माद्रिदने त्यासाठी युरोपीय मोजपट्टीवरची सी-१ ही वरची पातळी ठरवली आणि अशा शिक्षकांना जादा भत्ता दिला. शाळांमध्ये इंग्रजी बोलणारे परदेशी तरुण साहाय्यक म्हणूनही नेमले. पण उत्तम इंग्रजी बोलणारा आणि शारीरिक शिक्षणात तयार झालेला, असा एकच माणूस सहज मिळत नाही. शाळांपुढे मग दोन वाटा उरतात. भाषेच्या शिक्षकाच्या हाती शिट्टी दिली, तर संभाषण छान होते, पण कोलांटी घेताना मानेवर येणारा भार कोठे आणि कसा सावरायचा, हे त्याला ठाऊक नसते. क्रीडाशिक्षकाला घाईने प्रमाणपत्र मिळवायला लावले, तर मैदानावर तो हातचे राखून बोलू लागतो. आधी जो हसवायचा, चिडवायचा, नेमक्या शब्दात चूक दाखवायचा, तो ‘गुड’ आणि ‘व्हेरी गुड’ एवढ्यावर येतो. दुसरी वाट तरीही बरी, कारण भाषा वाढवता येते. शरीराचे ज्ञान नसताना मुलांना दोरावर चढवणे धोक्याचे आहे. चांगल्या शाळांत क्रीडाशिक्षक आणि इंग्रजीचा शिक्षक आठवड्यातून एकदा एकत्र बसतात. पुढच्या आठवड्यात मैदानावर लागणारी वाक्ये इंग्रजीच्या तासाला आधी होऊन जातात, म्हणजे खेळाच्या तासातली मिनिटे वाचतात.

महाराष्ट्रातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत कागदोपत्री शारीरिक शिक्षण इंग्रजीत चालते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तोही परक्या भाषेतलाच तास आहे. प्रत्यक्षात मैदानावर इंग्रजी क्रियापदे, हिंदी आज्ञा आणि मराठी ओरडा अशी सरमिसळ ऐकू येते. शिक्षकांनी ती गरजेपोटी, आपापल्या अकलेने उभी केली आहे. कोणत्या भाषेत काय बोलायचे, याचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गाला एकट्याने सांभाळताना ते वापरतात ती मिसळ मुलांना समजते आणि खेळ चालू राहतो, हे कमी नाही. स्पेनमध्ये पंचवीस मुलांसाठी जी कार्डे आणि जोड्या वापरतात, ती इथे सहा-सहाच्या गटांत, गटनायकाच्या मदतीने वापरावी लागतील.

उरतो तो मूल्यमापनाचा प्रश्न. स्पेनमध्ये या तासाचे गुण शारीरिक शिक्षणाच्या निकषांवर द्यायचे असतात : मुलाने झेल घेतला का, तोल सांभाळला का, नियम पाळून खेळले का, आधीपेक्षा सुधारले का. इंग्रजीतल्या चुकांसाठी इथे गुण कापायचे नाहीत. फार तर भाषेची निराळी नोंद ठेवायची. हालचालीची परीक्षा करून दाखवण्याची असावी आणि समज तपासायची असेल तेव्हा मुलाला बोट दाखवून, चित्र काढून किंवा मातृभाषेत उत्तर देता यावे. लेखी चाचणीत इंग्रजी वाक्यांची फार अपेक्षा ठेवली की इंग्रजीत तरबेज पण दोरीवरच्या उड्यांना कंटाळणारे मूल वर चढते आणि दिवसभर मैदानावर असणारे खाली राहते. पालकांकडे जाणारी नोंद त्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली असावी, म्हणजे आपले मूल किती धावते, कशाला घाबरते आणि कुठे त्याला मदत हवी, हे घरी नीट कळते.